बिनराजाचा मुलूख, कागदाचे राजे

नायजर नदीच्या पूर्वेला पामच्या राईंत दडलेल्या गावांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अधिकारी शिरू लागले, तेव्हा त्यांना सगळीकडे एकाच गोष्टीचा शोध होता: इथला राजा कोण? प्रश्न साधा होता आणि सरकारच्या दृष्टीने निकडीचाही. कर कुणाकडून वसूल करायचा, रस्त्याला मजूर कुणी पुरवायचे, खून झाला तर जाब कुणाला विचारायचा, हे ठरवायला एक माणूस लागतो. इग्बो गावांत तो माणूस सापडत नव्हता.

आजूबाजूला ही अडचण नव्हती. पश्चिमेला योरुबांचे राजे होते, बेनिनला ओबाची गादी होती, उत्तरेला अमीर. उत्तर नायजेरियात फ्रेडरिक लुगार्डने अमिरांना गादीवर तसंच ठेवलं, शेजारी रेसिडेंट बसवला आणि त्यांच्याच हाताने राज्य केलं. लुगार्डचा जन्म १८५८ चा, मद्रासचा. संस्थानिकाला मुजरे घेऊ द्यायचे आणि कारभार आपण करायचा, हा हिंदुस्थानी प्रयोग त्याच्या पिढीच्या अंगवळणी पडलेला होता. जिथे संस्थानं नव्हती, तिथेही हिंदुस्थानात इंग्रजांचं फारसं अडलं नाही. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनला दख्खनच्या गावोगाव पाटील-कुलकर्णी आयते मिळाले. इग्बो मुलखात मात्र गावं होती, शेती होती, भरलेले बाजार होते, आणि पाटील नव्हता.

याचा अर्थ अराजक होतं असा अधिकाऱ्यांनी लावला. प्रत्यक्षात तिथे सत्ता होती, पण ती एका डोक्यावर ठेवलेली नव्हती. सगळ्यात जवळची सत्ता भावकीची, म्हणजे उमुन्नाची. भावकीतला वडीलधारा ‘ओफो’ नावाची काठी बाळगायचा. ती हातात धरून खोटं बोललं तर पूर्वज सोडत नाहीत, अशी समजूत. समवयस्क पुरुषांचे गट असत, रस्ते साफ करणं आणि राखण करणं ही त्यांची कामं. ओझोसारखी पदवी मिळवायची तर गावजेवणं आणि दक्षिणांवर पाण्यासारखा पैसा ओतावा लागे. म्हणजे श्रीमंताला मान मिळे, पण तो मिळवताना त्याची थैली हलकी होई. रात्री मुखवट्यांची सोंगं निघत. ती पूर्वजांची रूपं मानली जात आणि त्यांनी दिलेला निवाडा मोडायची कुणाची टाप नसे. सगळ्यांच्या वर होती आला, भूमाता. रक्तपात झाला किंवा यामची चोरी झाली (याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, तिथल्या शेतीचा मानबिंदू), तर तो गुन्हा माणसाविरुद्ध तर असेच, शिवाय भूमीचा विटाळ ठरे आणि भूमीला शांत करावं लागे. आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिये, आफो, न्क्वो. बाजारही त्याच दिवसांच्या नावाने भरत.

बायकांच्या संस्था वेगळ्या होत्या, आणि पुढच्या गोष्टीसाठी त्याच सर्वांत महत्त्वाच्या. गावच्या लेकी लग्न होऊन परगावी गेल्या तरी माहेरच्या भावकीत त्यांचा गट कायम राही. या माहेरवाशिणी म्हणजे उमुआदा. माहेरी मयत झाली, भावाभावांत वाटणीवरून जुंपली, की त्या येऊन बसत आणि निकाल लागेपर्यंत हलत नसत. सासुरवाशिणींची सभा निराळी. बाजाराचे नियम, मालाचे भाव, दंड हे सगळं त्या ठरवत. एखाद्या पुरुषाने बायकोला मारलं, बाजाराचा नियम मोडला, किंवा त्याची गुरं बायकांच्या पिकात वारंवार शिरली, तर साऱ्या जणी मिळून त्याच्या अंगणात धरणं धरत. त्याच्या बदनामीची गाणी रचत, रात्रभर नाचत, याम कुटायच्या मुसळांनी भिंती ठोकत, वेळ पडली तर छप्परही उचकटत. माफी मागून वचन देईपर्यंत सुटका नसे. याला त्या पुरुषावर ‘बसणं’ म्हणत. घरातले पुरुष सहसा मध्ये पडत नसत. हा बायकांचा अधिकारच होता.

‘इग्बोंना राजा नसतो’ ही म्हण इग्बो स्वतःच सांगतात, पण तिला अपवाद आहेत. नदीकाठच्या ओनित्शाला राजा होता. न्रीचा ‘एझे’, म्हणजे राजा, हा राजापेक्षा धर्मगुरू होता. त्याच्याकडे सैन्य नव्हतं, पण भूमीचा विटाळ काढण्याचा अधिकार त्याच्या माणसांकडे होता आणि तो दूरदूरच्या गावांत मानला जाई. न्रीजवळच इग्बो-उक्वू गावात १९३८ च्या सुमारास एका गृहस्थाने अंगणात पाण्याची टाकी खणताना काशाची भांडी वर काढली. १९५९ पासून थर्स्टन शॉ या पुरातत्त्वज्ञाने रीतसर उत्खनन केलं. मेणाचा साचा वितळवून ओतलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी असलेली पात्रं निघाली, दीड लाखांहून अधिक मणी निघाले, आणि काळ निघाला नवव्या शतकाचा. युरोपची जहाजं या किनाऱ्याला लागायला त्यानंतर सहाशे वर्षं होती.

पण हा समाज म्हणजे लोकशाहीचं नंदनवन नव्हतं, हेही सांगायला हवं. जुळी मुलं अशुभ मानून रानात टाकली जात. देवाला वाहिलेले ‘ओसू’ आणि त्यांचे वंशज यांच्याशी बेटीव्यवहार नसे, त्यांना वेगळं राहावं लागे. मराठी वाचकाला हे चित्र समजायला फार कष्ट पडू नयेत. शिवाय गुलामांचा व्यापार होता. अटलांटिक पार गेलेल्या गुलामांत इग्बोंची संख्या मोठी होती, आणि त्या व्यापारात आरोचुक्वूच्या आरो व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. त्यांच्याकडे इबिनी उक्पाबी नावाचं देवस्थान होतं. तिथे कौल मागायला आलेल्यांपैकी दोषी ठरलेल्यांना देवाने खाल्लं असं सांगितलं जाई, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची रवानगी किनाऱ्याकडे होई. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केल्यावर तीच जहाजं पामतेल भरायला येऊ लागली. इंग्लंडच्या कारखान्यांतल्या यंत्रांना वंगण आणि कामगारांना साबण, दोन्ही या तेलातून होई.

पुढचा क्रम ओळखीचा आहे: आधी कंपनी, मग सरकार. १८८६ मध्ये रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली, १९०० च्या पहिल्या दिवशी तिचा मुलूख सरकारने ताब्यात घेतला. १९०१ च्या अखेरीस कर्नल माँटॅनारोच्या हाताखाली फौज आरोचुक्वूवर चालून गेली आणि देवस्थान उडवून दिलं. अधिकाऱ्यांना वाटलं, आता पूर्व भाग जिंकला. पण आरोंचा पाडाव म्हणजे इग्बोंचा पाडाव नव्हता, कारण आरो हे कुणाचे राजे नव्हतेच. गाव गाव वेगळं घ्यावं लागलं. नायजरच्या पश्चिमेला एकुमेकू नावाच्या गुप्त संघटनेने तर १८९८ पासून दहा-बारा वर्षं फौजेला झुलवलं. १९०५ च्या नोव्हेंबरात डॉ. स्ट्यूअर्ट नावाचा अधिकारी सायकलवरून जाताना वाट चुकला आणि अहियाराच्या परिसरात मारला गेला. त्याचा सूड म्हणून निघालेल्या फौजेने गावंच्या गावं जाळली. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत अबामे गावचा जो संहार येतो, त्याच्यामागे ही घटना आहे.

मुलूख घेऊन झाला, तरी पहिला प्रश्न तसाच होता. मग सरकारने राजे तयार केले. ‘नेटिव्ह कोर्टा’त बसण्याचा अधिकार देणारा एक कागद, वॉरंट, निवडलेल्या माणसाच्या हाती दिला की तो झाला ‘वॉरंट चीफ’. निवड कशी होई? काही ठिकाणी खरोखरचा वजनदार माणूस मिळाला. काही ठिकाणी, गोरा बोलावतोय म्हणजे धरून नेणार या भीतीने गावाने एखाद्या अडगळीतल्या माणसाला पुढे केलं, आणि तोच कागद घेऊन परत आला. इतिहासकार ए. ई. अफिग्बो यांनी १९७२ मध्ये या चीफ लोकांवर ग्रंथ लिहिला. ही पद्धत मुळातच उपरी होती, असं त्यांनी सरकारी दप्तरांतूनच दाखवलं. ज्याच्याकडे कागद त्याला मजूर मागता येत, दंड करता येई, तुरुंगात धाडता येई. त्याच्यापेक्षाही जबरदस्त कोर्टाचा कारकून, कारण कागद वाचता येई तो त्यालाच. न्याय पूर्वी झाडाखाली, सगळ्यांसमोर, दिवसदिवस वाद घालून मिळे. आता तो फी भरून आणि वर कारकुनाचा हात ओला करून मिळू लागला.

या व्यवस्थेत एकच बाई वॉरंट चीफ झाली, आणि तिची हकिगत कादंबरीला लाजवील अशी आहे. एनुगु-एझिकेची अहेबी उग्बाबे. बापाच्या अपराधाची भरपाई म्हणून तिला देवाशी लग्न लावून देण्याचं ठरलं, म्हणून ती मुलगी असतानाच उत्तरेला इगाला मुलखात पळाली. तिथे देहविक्रय केला, व्यापार केला, भाषा शिकली, थोरामोठ्यांच्या ओळखी जोडल्या. इंग्रजांची फौज तिच्या गावाकडे निघाली तेव्हा ती त्यांच्याबरोबर होती. बक्षीस म्हणून आधी मुकादमी मिळाली, १९१८ मध्ये वॉरंट, आणि पुढे इगालाच्या राजाच्या पाठबळावर ती चक्क एझे झाली. बाईने राजा होणं गावाने कसंबसं गिळलं. पण १९३९ मध्ये तिने स्वतःचं मुखवट्याचं सोंग बाहेर काढलं, आणि तो मान फक्त पुरुषांचा. पुरुषांनी सोंग हिसकावलं. ती सरकारकडे गेली आणि सरकारने निकाल पुरुषांच्या बाजूने दिला. जिवंतपणीच स्वतःचे दिवस थाटात घालून ती १९४८ मध्ये वारली. तिचं चरित्र लिहिणाऱ्या इतिहासकार न्वांडो अचेबे या कादंबरीकार अचेबेंच्या कन्या. अहेबीला नायिका म्हणायचं की दलाल, हे चरित्र वाचूनही ठरवता येत नाही, आणि ठरवायची घाईही करू नये.

तलवारीच्या आधी बायबल आलं होतं. १८५७ मध्ये ओनित्शाला पहिलं मिशन उघडलं ते सॅम्युएल अजयी क्राउदरच्या पुढाकाराने. क्राउदर योरुबा, गुलामीतून सुटलेला. तिथे राहिलेला पाद्री जॉन ख्रिस्तोफर टेलर सिएरा लिओनमध्ये जन्मलेला, मुक्त झालेल्या इग्बो आईबापांचा मुलगा. म्हणजे पहिले धर्मप्रसारक काळेच होते. पहिले बाटणारेही बहुधा ओसू, गुलाम, जुळ्यांच्या आया. ज्यांना जुन्या घडीत जागा नव्हती ते. अचेबेंनी आपल्या घराची एक आठवण सांगितली आहे. त्यांच्या वडिलांना वाढवणाऱ्या आजोळच्या वडीलधाऱ्याने ओगिदी गावात मिशनऱ्यांना आधी अंगण दिलं, मग काही दिवसांनी हलायला सांगितलं. कारण धर्माचं नव्हतं, गाण्याचं होतं. ती रडकी गाणी ऐकून लोकांना वाटेल, याच्या घरी कुणी मेलंय! त्याच घरातला नातू पुढे मिशनचा प्रचारक झाला.

मिशनने भाषेचंही सरकारसारखंच केलं. आर्चडीकन डेनिसने पाच बोलींची मोट बांधून ‘युनियन इग्बो’ तयार केली आणि १९१३ मध्ये तिच्यात बायबल पूर्ण केलं. ती भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. अचेबेंचा तिच्यावरचा राग शेवटपर्यंत गेला नाही. १९९९ मध्ये ओवेरीच्या व्याख्यानात ते हट्टाने आपल्या ओनित्शाकडच्या बोलीत बोलले. तरीही शाळा आल्या, आणि शाळेवर इग्बोंनी झडप घातली. गोऱ्याचा कागद वाचता येणारा माणूस आपल्या गावात हवा, हे त्यांनी फार लवकर ओळखलं.

कागद वाचणारा असाच एक शाळामास्तर मोठ्या वणव्याची ठिणगी ठरला. पूर्व भागात पुरुषांवर डोईपट्टी बसली ती १९२८ पासून. त्याआधी पुरुषांची मोजणी झाली होती आणि तेव्हा कराचा विषय कुणी काढला नव्हता. मोजणी म्हणजे कर, हे लोक त्यातून शिकले. १९२९ मध्ये पामच्या मालाचा भाव घसरत होता. तेल नवऱ्याचं आणि बियांचा गर बायकोचा, अशी घरोघर वाटणी असे. म्हणजे भाव पडला की बाईच्या हातातला पैसा आटे. त्यात बेंडे भागात हंगामी आलेल्या कॅप्टन कुकला आधीच्या नोंदी अपुऱ्या वाटल्या. त्याने नव्याने खानेसुमारीचा हुकूम काढला: बायका, मुलं, शेरडं-मेंढरं सगळी मोजा.

ओलोको गावचा वॉरंट चीफ ओकुगो. त्याने मार्क एमेरुवा या मास्तराला मोजायला धाडलं. नोव्हेंबरात तो न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात शिरला, तेव्हा ती तेल काढत होती. तुझी शेरडं आणि माणसं मोज, म्हणाला. तिने विचारलं, तुझ्या आईला मोजलंय का कुणी? झटापट झाली. न्वान्येरुवा तशीच उठून बायकांच्या सभेकडे गेली.

पामची कोवळी पानं गावोगाव फिरू लागली. ज्या बाईच्या हाती पान आलं तिने ते पुढे पाठवायचं आणि ओलोकोला जायचं. काही दिवसांत हजारो बायका ओकुगोवर ‘बसल्या’. इकोनिया, न्वानेदिया आणि न्वुगो या तिघी त्यांचं बोलणं करत आणि जमावाला आवरतही. बायकांना ओकुगोची टोपी हवी होती, ती त्याच्या सत्तेची खूण. जिल्हाधिकाऱ्याने अखेर टोपी त्यांच्या हवाली केली आणि ओकुगोला दोन वर्षांची सजा झाली. सरकारचा हिशोब असा, की प्रकरण मिटलं. बायकांचा हिशोब निराळा: एक चीफ उतरवता येतो, तर बाकीचे का नाही?

डिसेंबरात ओवेरी आणि कॅलाबार या दोन प्रांतांत आगडोंब उसळला. इग्बोंबरोबर इबिबिओ आणि किनाऱ्यावरच्या इतर जमातींच्या बायकाही उतरल्या. अंगावर आखूड वस्त्र, चेहरा फासलेला, डोक्याला नेच्याची पानं, हातात पाम गुंडाळलेली काठी. हा लढाईचा वेश होता. नेटिव्ह कोर्टं मोडली, जाळली. आबा शहरात एका गोऱ्या डॉक्टरच्या मोटारीखाली दोन बायका आल्यावर जमाव खवळला. युरोपीय वखारी आणि बार्कलेज बँक लुटली गेली, तुरुंग फोडून कैदी सोडले गेले. मारला मात्र एकही गोरा गेला नाही. बायकांचा राग माणसांवर नव्हता, टोप्यांवर आणि कोर्टांवर होता.

आणि त्यांना खात्री होती, बायकांवर बंदूक चालणार नाही. १६ डिसेंबरला ओपोबोत त्यांनी जिल्हाधिकाऱ्याकडून आपल्या मागण्या कागदावर टाइप करून घेतल्या: बायकांवर कर नको, पुरुषांवरही नको, बाजाराच्या शेडचं भाडं नको, अमुक एक चीफ नको. तोंडी शब्दावर विश्वास उरला नव्हता. सरकार कागदाने चालतं हे त्या तीस वर्षांत शिकल्या होत्या, म्हणून त्यांनी कागदच मागितला. कुंपणाशी रेटारेटी वाढली, फौजेने गोळीबार केला आणि तिथे तीसहून अधिक जणी गेल्या. इतर ठिकाणचे धरून सरकारी आकड्याप्रमाणेच मृत बायकांची संख्या पन्नासच्या वर जाते. दप्तरात याची नोंद ‘आबाचे दंगे’ अशी झाली. बायका त्याला आपलं युद्ध म्हणत आल्या.

पहिल्या लहानशा चौकशीने गोळीबार योग्य ठरवला. ओरड झाली, म्हणून १९३० मध्ये दुसरा आयोग बसला. त्याच्यापुढे बायकांनी साक्षी दिल्या, आणि त्यांत करापेक्षा चीफ लोकांच्याच तक्रारी जास्त: लाच घेतात, पुरती दक्षिणा न देता पोरी बायको म्हणून घरात घालतात, अंगणातलं तेल उचलून नेतात. सरकार हादरलं ते आकड्यापेक्षा आश्चर्याने. एवढ्या बायका दोन प्रांतांत एकाच वेळी, तार-टपालावाचून जमल्याच कशा? कुणा पुरुषांनी फूस दिली असणार, हा तर्क बराच काळ चालला. उत्तर रोजच्या बाजारात आणि माहेरवाशिणींच्या जाळ्यात होतं. साहेबाची नजर तिकडे कधी गेलीच नव्हती.

मग तीस वर्षं उशिरा सरकारने चौकशी सुरू केली, की ही माणसं आपला कारभार मुळात चालवत होती तरी कशी. जिल्हाधिकारी गावोगाव अहवाल लिहू लागले, मानववंशशास्त्रज्ञ आले. मीक यांचा ग्रंथ १९३७ चा, सिल्व्हिया लीथ-रॉस यांचा बायकांवरचा १९३९ चा. विनोद असा, की सरकारनेच नेमलेला नॉर्थकोट थॉमस १९१० ते १९१३ मध्ये याच मुलखात फिरून गेला होता. त्याने चेहरे टिपले, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उतरवले, अहवाल छापले. अधिकाऱ्यांनी त्याला विक्षिप्त ठरवून सोडून दिलं. त्याच्या वस्तू आणि छायाचित्रं आज केंब्रिजच्या संग्रहालयात आहेत, आवाज ब्रिटिश लायब्ररीत.

वॉरंट रद्द झाली. कोर्टात एका चीफऐवजी गावच्या अनेकांना बसवण्याची पद्धत आली. करही राहिला आणि साम्राज्यही राहिलं, १९६० पर्यंत. एनुगुच्या इवा व्हॅली कोळसाखाणीत १९४९ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी २१ खाणकामगार गोळ्या घालून मारले. ओसूंवरचा भेद कायद्याने १९५६ मध्ये बंद झाला. लग्न ठरवताना चौकशी अजून होते.

कागदाचा राजा मात्र इंग्रजांबरोबर गेला नाही. नायजेरियातून वेगळं होण्यासाठी पूर्व भागाने लढलेलं बियाफ्राचं युद्ध १९७० मध्ये संपल्यावर, १९७६ च्या स्थानिक कारभाराच्या सुधारणांनंतर इग्बो राज्यांनी कायदेच केले, की मान्यताप्राप्त प्रत्येक ‘स्वायत्त समुदाया’ला एक पारंपरिक शासक असेल. सरकारी मान्यता, सरकारी मानधन. एझे हवा तर आधी समुदाय हवा, म्हणून गावं फुटून नवे समुदाय मागू लागली. आज अशा समुदायांची संख्या शेकड्यांत आहे आणि लागोसमध्ये किंवा परदेशात पैसा केलेले गृहस्थ तांबडी टोपी घालून एझे होतात. गादीचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतात. अचेबेंच्या ‘ॲरो ऑफ गॉड’मधला पुजारी एझेउलू चीफपद नाकारून तुरुंगात बसतो. या नव्या एझेंपैकी अनेकांनी ती कादंबरी शाळेत वाचलेली असणार.

बायकांची सभाही चालू आहे. दर ऑगस्टमध्ये लागोस, अबुजा, पोर्ट हारकोर्टहून, काही तर परदेशातून, सासुरवाशिणी गावी येतात. सारख्या रंगाची वस्त्रं, चर्चमध्ये प्रार्थना आणि मग दिवसभर बैठक. दवाखाना, शाळेची इमारत, बाजाराचं छप्पर, कुणाचं भांडण, कुणाची विधवा, सगळं तिथे निघतं. वर्गणी नावानिशी वाचली जाते. इंग्रजीत तिला ‘ऑगस्ट मीटिंग’ म्हणतात, आणि कारण न देता गैरहजर राहणारीला दंड होतो.